थीम पार्कचा पहिला तास

उद्या खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचंय तर गजर कितीचा लावायचा, यावरून ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत शुक्रवारी रात्री जेवढी वादावादी होते, तेवढी राइडच्या भीतीवरून नक्कीच होत नसेल. एक पक्ष म्हणतो, पाचला उठा, सहाला गाडी काढा, गर्दीच्या आधी आत शिरा. दुसरा म्हणतो, सुट्टीच्या दिवशीही डोळे चोळत उठायचं तर सुट्टी घेतली कशाला? दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं आणि दोघेही भलत्याच घड्याळाकडे बघत असतात. घरातून किती वाजता निघालात याला पार्कात काडीची किंमत नाही. गेट उघडल्यावर पहिल्या तासाभरात तुम्ही कुठल्या राइडसमोर उभे होतात आणि तुमच्याबरोबर कोण होतं, यावर पुढचा अख्खा दिवस ठरतो.

मोठ्या रोलरकोस्टरच्या फलाटाजवळ पाच मिनिटं थांबून नीट बघितलं की गर्दीचं अर्धं कोडं सुटतं. गाडी येऊन थांबते. खांद्यावरचे जाड पट्टे वर जातात. लोक एका बाजूने उतरतात पण लगेच हलत नाहीत. कोणाची चप्पल पलीकडच्या कप्प्यात राहिलेली असते, कोणाला अजून गरगरत असतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडतं. ‘एका ओळीत चार, एका ओळीत चार’ असं कर्मचारी घसा फोडून सांगत असतो आणि पाच जणांचं कुटुंब नेमकं तिथेच ठरवायला लागतं, की बाबांशेजारी कोण आणि ताईशेजारी कोण. बसल्यावर पट्टा छातीपर्यंत ओढायचा, बक्कल लावायचं. मग दोन कर्मचारी दोन बाजूंनी निघतात, एकेक पट्टा हाताने हलवून बघतात आणि टोकाला पोचले की अंगठा वर करतात. दोन्ही अंगठे दिसले की ऑपरेटर बटण दाबतो. मध्येच कोणाच्या खिशातला मोबाइल निघतो, कोणाचा गॉगल डोक्यावरच असतो, आणि एखादे काका ऐन वेळी ‘मी नाही बुवा’ म्हणून उठतात. सगळं सुरळीत झालं तर दोन मिनिटांत गाडी सुटते. नाहीतर तीन, कधी चार.

आता हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. गाडीत 28 जागा धरा आणि दर तीन मिनिटांना एक फेरी. तासाला 20 फेऱ्या, म्हणजे 560 माणसं. पण कुटुंबाला एकत्रच बसायचं असतं, त्यामुळे इकडेतिकडे जागा रिकाम्या जातात. फेरीला सरासरी 24 जण बसले तर ताशी 480. गेट उघडल्यावर या राइडकडे तासाला 700 माणसं येऊ लागली, तर पहिल्या तासाच्या शेवटी 220 जण रांगेत उरतात आणि त्यातल्या शेवटच्याला साधारण 27 मिनिटं थांबावं लागतं. दुसऱ्या तासाच्या शेवटी 440 उरतात, थांबणं 55 मिनिटांवर जातं. साडेदहाला गेट उघडलं असेल तर तेव्हा आत गेलेला जवळजवळ चालत गाडीत बसतो, साडेअकराचा अर्धा तास उभा राहतो, साडेबाराचा तास. राइड तीच, तिकीट तेच.

रांगेतल्या माणसांना ताशी सुटणाऱ्या माणसांनी भागलं की थांबायचा वेळ निघतो, हे तसं कोणालाही सुचेल. पण यामागच्या नियमाची रीतसर सिद्धता जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने 1961 साली दिली, आणि आज कारखान्यांपासून कॉल सेंटरपर्यंत सगळीकडे तो वापरला जातो. पार्कात तो वापरायला वही-पेन लागत नाही. दोन गाड्या सुटण्यामधलं अंतर मोबाइलच्या घड्याळावर बघायचं, रेलिंगच्या एका वळणात किती माणसं मावतात ते मोजायचं, आणि अशी किती वळणं आहेत ते. ‘इथून पुढे 45 मिनिटं’ अशी पाटी लावलेली असते तिच्यापेक्षा हे गणित जास्त खरं निघतं. पाटी एकदाच रंगवलेली असते. आज दोन गाड्या चालू आहेत की एकच, हे तिला कळत नाही.

तर तासाभराच्या उशिरामुळे प्रत्येक मोठ्या राइडवर पंचवीस-तीस मिनिटं जात असतील आणि अशा तीन राइड करायच्या असतील, तर दुपारपर्यंत सव्वा-दीड तास नुसता उभं राहण्यात जातो. हा झाला लवकर पोचण्याच्या बाजूचा मुद्दा, आणि तो भक्कम आहे. पण हेच गणित फार लवकर पोचणाऱ्यांच्या विरोधातही जातं. गेटवर तुमचा नंबर 30वा असला काय आणि 200वा असला काय, मध्ये 170 माणसं. ती सगळीच्या सगळी तुमच्याच राइडकडे धावली असं धरलं तरी फरक 21 मिनिटांचा, आणि तोही फक्त पहिल्या राइडपुरता. एवढ्यासाठी मुलांना साडेआठपासून बंद गेटासमोर, मेच्या उन्हात, पार्किंगच्या डांबरावर तिष्ठत ठेवायचं? मुलांचा सगळ्यात ताजा वेळ तिथेच संपतो. अर्धा ते पाऊण तास आधी पोचलात की पुरे.

परदेशातल्या पार्कांचे व्हिडिओ बघून बरेच जण पहाटेचा बेत आखतात, तो इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तिथल्याच हॉटेलात उतरलेल्यांना बाकीच्यांच्या अर्धा तास आधी आत सोडतात. बाहेरून येणारा वेळेवर आला तरी त्याच्या पुढे माणसं असतातच. शिवाय तिथे दाराशीच मुक्काम केलेले लोक सकाळी सगळे एकदम बाहेर पडतात. आपल्याकडची गर्दी मुंबईहून आणि पुण्याहून, तास-दोन तासांचा रस्ता तुडवत येते. वाटेत चहा होतो, टोल होतो, कोणाची तरी गाडी मागे राहते. त्यामुळे इथली गर्दीची खरी लाट गेट उघडताना येत नाही, बऱ्याचदा साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान येते. आपल्या भागातल्या कुटुंबांना यात फायदा आहे. नुसतं वेळेवर पोचलं तरी लवकर पोचल्यासारखं होतं.

म्हणून वेळ उलट मोजत यायचं. पार्कच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून घ्यायच्या. गेट साडेदहाला उघडणार असेल तर पावणेदहाला पार्किंगमध्ये. ठाण्याहून अंतर साधारण 70 किलोमीटर, वाशीहून पन्नासच्या वर, खारघर-पनवेलकडून त्याहून कमी. ठाणे-बेलापूर रस्ता, मग सायन-पनवेल, कळंबोलीहून एक्सप्रेसवे आणि खालापूर टोल नाक्यापाशी तो सोडून खोपोली-पाली रस्ता. कागदावर दीड तासाचं काम. अडचण शनिवारी सकाळी येते, कारण लोणावळ्याला जाणारे सगळे त्याच वेळी त्याच रस्त्यावर असतात. तुम्हाला घाट चढायचा नसतो, पण बोरघाट तुंबला की त्याची शेपटी खालच्या अंगाला टोल नाक्याच्या दिशेने सरकत येते आणि आपण विनाकारण तिच्यात अडकतो. जोडून सुट्ट्या आल्या तर हे धरूनच चालायचं. अशा दिवशी ठाण्याहून सातला निघणं शहाणपणाचं. साध्या रविवारी पावणेआठही चालतं. पनवेलच्या पुढे शेडुंग-चौकवरून जुना महामार्ग आहे. तो हळू आहे, पण हळू का होईना, हलत राहतो. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते घरीच बघावं. टोलच्या मार्गिकेत पोचल्यावर ते कळलं तर मागच्या पन्नास गाड्यांचा उद्धार ऐकावा लागतो.

लोकलने जाणाऱ्यांचं गणित वेगळं. ठाण्याहून थेट खोपोली लोकल मिळते, पण दिवसभरात मोजक्याच. ती चुकली की कर्जतला उतरून पुढच्या गाडीची वाट बघायची. कर्जत-खोपोली हा साधारण 15 किलोमीटरचा एकेरी मार्ग, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाणारा. तिथे दर दहा मिनिटांनी गाडी मिळणारच नाही. एक गाडी चुकली की लवकर पोचण्याचा बेतच बारगळतो. त्यामुळे लोकलवाल्यांनी एक गाडी आधीची धरावी, आणि खोपोली स्टेशनबाहेर रिक्षाचे पैसे बसायच्या आधी ठरवून घ्यावेत.

आणि गोतावळा. दोन-तीन गाड्या काढून मावशी, मामा, चुलत भावंडं असा लवाजमा निघतो तेव्हा कळंबोलीला भेटायचं ठरतं. पहिली गाडी कळंबोलीला उभी. ‘कुठे आहात?’ ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतोय!’ मराठी माणसाचं ‘निघालोच’ हे बऱ्याचदा आंघोळीच्या आधीचं असतं, हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नाही. यावर उपाय एकच: रस्त्यात भेटायचं नाही, आत भेटायचं. ज्याची त्याची तिकिटं ज्याच्या त्याच्या मोबाइलवर असायला हवीत. सगळी तिकिटं एकाच दादाच्या फोनवर असली आणि दादा शिळफाट्याला अडकला, की साडेनऊला पोचलेले बारा जण बाहेर बसून राहतात. तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण गेटवर सगळ्यांचे फोन एकदम नेटवर्क शोधत असतात.

गेटवरचा वेळही हिशेबात धरायला हवा. बॅगा तपासल्या जातात. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. पहाटे उठून केलेला डबा तिथे बाजूला काढला जातो आणि केलेल्या माणसाचा दिवस तिथेच बिघडतो. तान्ह्या बाळाचं खाणं आणि पथ्याचं खाणं याला सहसा सवलत असते, पण आधी विचारून ठेवलेलं बरं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, पोळीचा रोल असलं काही केलंच असेल तर ते गाडीत, शक्यतो पार्किंगमध्ये पोचल्या पोचल्या खाऊन टाकावं. नाक्यावरचा वडापाव मात्र टाळावा, आणि हे मी वडापावप्रेमी असून म्हणतोय. तळलेलं पोटात घेऊन लगेच उलट्यापालट्या होणाऱ्या राइडवर चढलं की त्याचा निकाल लागायला वेळ लागत नाही. हलकं खाणं, आणि पहिल्या मोठ्या राइडच्या आधी तासाभराचं अंतर. अर्धा-पाऊण तास आधी पोचण्याचा हाही एक उपयोग.

आत शिरल्यावर बहुतेक सगळे सगळ्यात उंच दिसणाऱ्या सांगाड्याकडे धावतात. इमॅजिकात तो मान नायट्रोचा, पाय अधांतरी ठेवून पाच वेळा उलटं फिरवणाऱ्या कोस्टरचा. पण पहिला तास खर्चायचा नियम ‘सगळ्यात मोठी आधी’ असा नाही. ‘तासाला सगळ्यात कमी माणसं नेणारी आधी’ असा आहे. एका वेळी शंभरेक जणांना घेणारं थिएटर किंवा सिम्युलेटर दुपारी केलं तरी बिघडत नाही. तिथे एक खेळ चुकला तर पुढचा ठरलेल्या वेळाने येतोच, आणि रांग सावलीत असते. याउलट जिच्यात फेरीला दहा-बाराच माणसं बसतात अशी राइड नावाने छोटी असली तरी दुपारी तिची रांग कोस्टरपेक्षा हळू सरकते. उंच खांबावरून खाली सोडणारी राइड बऱ्याचदा याच जातीची असते. ती आणि कोस्टर पहिल्या तासात, बाकी मागाहून.

यात दोन खाचखळगे आहेत. सकाळी प्रत्येक राइड तपासली जाते. तंत्रज्ञ रिकामी गाडी फिरवतात, ब्रेक, सेन्सर, पट्ट्यांची कुलपं बघतात आणि मगच ती लोकांसाठी उघडते. कोस्टरचा रुळमार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहील अशी यंत्रणा असते. एखाद्या सेन्सरला शंका आली तरी ती सगळं थांबवते, आणि पुन्हा सुरू करायला वेळ जातो. रांगेतले लोक ‘बंद पडली, बंद पडली’ म्हणून वैतागतात. खरं तर ती थांबली म्हणजे यंत्रणा नीट काम करतेय. पण यामुळे सगळ्या राइड गेट उघडताच चालू नसतात. काही अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होतात. मोक्याचा पहिला तास बंद दारासमोर घालवायचा नसेल तर आत शिरतानाच पहिल्या कर्मचाऱ्याला विचारायचं, ‘आज कुठली उशिरा सुरू होणार?’ त्याला माहीत असतं, आणि विचारलं तर तो सांगतो.

दुसरा खाचखळगा आडवारचा. मंगळवारी गेलो म्हणजे सगळं मोकळं, असा समज असतो. माणसं कमी असतात हे खरं, पण म्हणून पार्क दोनाऐवजी एकच गाडी चालवू शकतं. गर्दी निम्मी आणि क्षमताही निम्मी, मग रांग तेवढीच. आणि डिसेंबर-जानेवारीतला आडवार तर शाळांच्या सहलींचा. सकाळी बसमागून बस रिकामी होते, एका रंगाच्या टोप्या घातलेली पोरं एकाच राइडसमोर शेकड्यांनी बसतात आणि दुपारी चारच्या सुमाराला परत जातात. अशा दिवशी लवकर पोचण्याने फारसं साधत नाही. उलट अकरा-साडेअकराला निवांत जाऊन शेवटपर्यंत थांबावं; चारनंतर पार्क तुमचंच. पार्किंगमध्ये पिवळ्या बस किती उभ्या आहेत ते बघून आत शिरतानाच बेत बदलता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पहिल्या तासाचा खटाटोप कोणासाठी? मोठ्या कोस्टरना उंचीची अट असते, राइडप्रमाणे साधारण 120 ते 140 सेंटिमीटरच्या दरम्यान. आठ-नऊ वर्षांचं मूल बहुधा 125 ते 135 च्या आसपास, म्हणजे नेमकं काठावर. घरी भिंतीला टेकवून, अनवाणी उभं करून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून उंची मोजावी आणि पार्कच्या यादीशी ताडून बघावी. दोन सेंटिमीटर कमी भरली तर फलाटावर कर्मचाऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. खांद्यावरचा पट्टा त्या उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो, लहान शरीर त्यातून निसटू शकतं. आणि अर्धा तास रांगेत उभं राहून मापाच्या दांड्यापाशी नाकारलं गेलेलं मूल पुढचे दोन तास काही ऐकत नाही.

म्हणून घरात दहा वर्षांवरची मुलं असतील, तर गेट उघडताना पोचणं वसूल होतं, अगदी पुरेपूर. सगळी मुलं पाचच्या आतली असतील तर पहिल्या तासाच्या शर्यतीत तुम्ही नाहीच. घोड्यांचं चक्र, फिरणारे कप, छोटी आगगाडी यांच्यासमोर सकाळी तशीही रांग नसते, कारण बाकी जग कोस्टरकडे धावलेलं असतं. तरीही उन्हाळ्यात अशा कुटुंबांनी लवकरच जावं असं मी म्हणेन, पण रांगेसाठी नाही, उन्हासाठी. खोपोलीला एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर रेलिंगला हात लावता येत नाही. तीन वर्षांच्या मुलाकडे पार्कात हसतखेळत राहायचे तीन-चार तास असतात. नंतर ते कडेवर येतं, मग रडतं, मग झोपतं. ते तास साडेदहा ते दोन असे सावलीच्या राइडांवर लावायचे, की चार ते सात असे उतरत्या उन्हात, हे ठरवावं. दोन्ही करायला गेलं की दोन्ही हातचं जातं.

अवघड प्रसंग मिश्र कुटुंबाचा: एक बारा वर्षांची, एक तीन वर्षांचा, बरोबर आजी-आजोबा. इथे सगळ्यांनी एकत्रच फिरायचं हा हट्ट सोडावा लागतो. पहिल्या तासात मोठी मुलगी आणि बाबा कोस्टरकडे, आई आणि धाकटा चक्राकडे, आजी-आजोबा सावलीतल्या बाकावर सामानासकट. पावणेबाराला जेवायला भेटायचं. जेवणाच्या रांगेलाही लिटलचा नियम लागू आहे, म्हणून बाराच्या आत किंवा अडीचनंतर. आईबाबा दोघांनाही कोस्टर करायचं असेल, तर एकाने लहान मुलाजवळ थांबायचं आणि नंतर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडायचं, अशी सोय परदेशात सर्रास असते. इथे फलाटावरच्या कर्मचाऱ्याला विचारून बघायला हरकत नाही.

रांग टाळायचा दुसरा मार्ग म्हणजे जास्त पैसे मोजून घ्यायचं एक्सप्रेस तिकीट. चौघांचं कुटुंब असेल तर हा खर्च झोंबतो. गेट उघडताना पोचणार असाल आणि दिवस साधा असेल तर तो वाया जातो, कारण पहिल्या दीड तासात फुकटच एक्सप्रेससारखं फिरता येतं. उशिरा पोचणार हे नक्की असेल, ख्रिसमसचा आठवडा किंवा जोडसुट्टी असेल, आणि मुलं मोठ्या राइडवाली असतील, तेव्हाच तो अंगी लागतो.

वॉटर पार्कचा हिशेब पूर्ण निराळा, आणि मला वाटतं तिथे लवकर पोचण्याचा फायदा कोरड्या पार्कापेक्षा जास्त आहे. मानपाड्याची टिकुजी-नी-वाडी घ्या, खोपोलीचं वॉटर पार्क घ्या, नाहीतर गोराईचं वॉटर किंगडम. कारण सगळीकडे तेच. घसरगुंडीवरून एक ट्यूब सोडली की ती खालच्या कुंडात पोचून माणूस बाजूला होईपर्यंत दुसरी सोडता येत नाही. वरचा जीवरक्षक खालच्याची खूण बघतो, मग ढकलतो. 40 सेकंदांना एक ट्यूब धरली तर तासाला 90, दोघांची ट्यूब असेल तर 180 माणसं. कोस्टरच्या निम्मीही नाहीत. त्यात ट्यूब मोजक्या, आणि त्या खालून वर आपणच जिने चढून न्यायच्या. दुपारी लोक रांगेत कमी आणि ट्यूबची वाट बघत जास्त उभे असतात. म्हणून वॉटर पार्कात घसरगुंड्या पहिल्या तास-दीड तासात आटपाव्यात. लाटांचा तलाव, संथ वाहणारा पाट, रेन डान्स यांत शेकडो माणसं एकदम मावतात. ते दुपारसाठी ठेवावं. लाटाही दिवसभर चालू नसतात, ठरावीक वेळाने थोडा वेळ सोडतात. फलकावरची वेळ सकाळीच बघून ठेवली की तिथे नुसतं डुंबत बसायला लागत नाही.

आणि लॉकर. वॉटर पार्कात सकाळचा सगळा झगडा तिथे असतो. खिडकीवर एकच माणूस, तोच लॉकरची किल्ली देतो, तोच भाड्याचे कपडे देतो, तोच अनामत रक्कम घेतो आणि तोच सुट्टे नाहीत म्हणतो. सुती कपडे चालत नाहीत; सुती कापडाचे तंतू सुटून गाळणीत अडकतात आणि भिजलं की ते घसरगुंडीला चिकटतं. नायलॉनचे पोहायचे कपडे घरूनच, शक्य तर आत घालूनच न्यावेत. एवढं केलं तर निम्मी रांग टळते. लॉकर दोन कुटुंबांत एक घेऊ नये. किल्ली ज्याच्या मनगटाला असते तो नेमका लाटांत असतो. मुलांसाठी रबरी चपला हव्यातच, कारण दुपारी एकला दोन कुंडांमधली फरशी तव्यासारखी तापते.

नेरुळचं वंडर्स पार्क मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर. महापालिकेचं उद्यान, जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती, छोटी आगगाडी. तिथे सकाळी धावण्यात काहीच हशील नाही. ऊन उतरताना जावं, आगगाडीचं तिकीट आधी काढावं, मग फिरावं.

पावसाळ्याबद्दल एवढंच, की जून ते सप्टेंबरमध्ये गर्दी कमी असते, पण विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात. तेव्हा सकाळची उघडीप मिळाली तर ती बाहेरच्या राइडना द्यावी आणि इमॅजिकातल्या डीप स्पेससारख्या छताखालच्या, अंधारातल्या कोस्टरला पाऊस सुरू झाल्यावर जावं. पावसात लवकर पोचण्याचा उपयोग रांगेपेक्षा आकाशासाठी जास्त.

राहतं परतणं, ज्याचा विचार सकाळच्या गजराबरोबरच करायला हवा. रविवारी संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे येणारा लोंढा आणि पार्कातून सुटलेल्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. पहाटे उठलेला, दिवसभर उन्हात फिरलेला माणूस अंधारात गाडी चालवत असतो आणि मागच्या सीटवर सगळे झोपलेले असतात. त्याच्याशी गप्पा मारायला एक जण जागा हवा. खारघर-पनवेलच्या कुटुंबाला संध्याकाळची मिरवणूक बघून सातला निघणं परवडतं. मिरवणुकीच्या वेळी राइड जरा मोकळ्या होतात, ती संधी त्यांनी सोडू नये. घोडबंदर रोडच्या कुटुंबाला एक्सप्रेसवे संपल्यावरही ठाणे-बेलापूर रस्ता, मग माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा अशी उतरंड बाकी असते. त्यांनी गेट उघडताना पोचावं आणि साडेचारला निघावं, आणि तीन वाजताच मुलांना सांगून ठेवावं की आता दोनच राइड उरल्यात, कुठल्या ते तुम्ही ठरवा.